चुकलेली टाळी

पुण्यात वाढलेल्या माणसाला टाळी कुठे वाजवावी हे कुणी शिकवावं लागत नाही. ती कुठे वाजवू नये, हे तोच इतरांना शिकवत असतो. मी तर लहानपणापासून सवाईला जाणारा. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव माझ्या लहानपणी रात्रभर चालायचा, आणि वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून मी किती दिग्गज ऐकले याची गणतीच नाही. (ऐकले म्हणजे हजर होतो.) समेवर मान टाकायला मी तिथे शिकलो. सम सापडली नाही तर शेजारच्याची मान पडल्यावर अर्ध्या मात्रेने आपली टाकायची, हेही तिथेच शिकलो. तान संपली की ‘वा’. आणि आलापात एखादी जागा फारच हळवी लागली की डोळे मिटून, जीभ टाळूला लावून, नुसताच ‘च्च’. या ‘च्च’वर माझा विशेष हात आहे. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या जाणकारांनी तो ऐकून एकदा मागे वळून पाहिलं होतं. ते कौतुकानेच पाहिलं असणार, असं मी गेली वीस वर्षं धरून चाललो आहे.

असा तयार श्रोता बँकेने पणजीला बदलून टाकला.

गोव्यात कलेची उपासमार होईल अशी माझी समजूत होती. समुद्र, मासे आणि दुपारची झोप एवढ्यावर दोन-तीन वर्षं काढायची, असं मनाशी ठरवून आलो होतो. प्रत्यक्षात फेब्रुवारीच्या एकाच आठवड्यात (खरं म्हणजे नऊ दिवसांत) इतका कार्यक्रमांचा मारा झाला की बायकोने कॅलेंडरवर गॅसच्या नोंदीखाली रांगच लावली. शनिवारी कपेलात पाश्चात्त्य संगीत. मधल्या शुक्रवारी घरमालकांबरोबर मडगावला तियात्र. आणि लगेच रविवारी आमच्या कॅशियरच्या गावच्या जत्रेत दशावतार. तिन्ही ठिकाणी मी गेलो. तिन्ही ठिकाणी माझी टाळी चुकली.

जुन्या गोव्यात मोंतच्या टेकडीवर सोळाव्या शतकातलं एक कपेल आहे. अंगणात उभं राहिलं की खाली झाडांतून वर आलेले चर्चचे मनोरे, पलीकडे मांडवी आणि तिच्यापलीकडे दिवाडी बेट. सूर्य बुडेपर्यंत सगळे बाहेरच रेंगाळत होते आणि हळू आवाजात बोलत होते. पुण्यात कार्यक्रमाआधी लोक आपण पूर्वी कोणाकोणाला ऐकलंय ते बोलतात. इथे बहुतेक पार्किंगबद्दल बोलणं चाललं असावं, पण इंग्रजीत आणि इतकं हळू की मला ते संगीताबद्दलच वाटलं.

आत चौघे वादक. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. माइक नाही. तंबोरे जुळवण्यात अर्धा तास नाही, ‘बसलेल्या सर्व थोरामोठ्यांची परवानगी घेऊन’ नाही. आले, वाकले, बसले, सुरू. रचना हायडनची, १७८१ सालची.

आता या मंडळींची एक खोड आहे. ते एका रचनेचे चार भाग करतात. प्रत्येक भागानंतर वादक गज खाली घेतात, घाम पुसतात, तारांचे कान पिळतात, समोरचं पान उलटतात. संपल्याची सगळी लक्षणं हजर असतात, फक्त संपलेलं नसतं. पहिला भाग संपला तेव्हा मी पुण्याच्या वतीने कडकडून टाळी दिली. जुन्या दगडी भिंतींनी ती घेतली आणि दोनदा परत केली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की टाळी देणारा पंचक्रोशीत मी एकटाच आहे. बायकोने मान फिरवली आणि ती आल्टरकडे इतक्या भक्तिभावाने पाहू लागली, जणू तिचं नामकरणच तिथे झालं होतं. माझ्या उजव्या हाताला जपानी पंखा घेतलेल्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी पंखा मिटला. पुन्हा उघडला. बोलल्या काहीच नाहीत.

दुसऱ्या भागानंतर मी हात मांडीखाली घेऊन बसलो. तिसरा भाग संथ. आधी व्हायोला आणि चेलो, खालच्या सुरात, एकमेकांचं ऐकत ऐकत. आमचा विलंबितच म्हणा. आणि त्यात एक जागा अशी आली की माझा ताबा सुटला.

‘च्च.’

तोंडातून गेला तेव्हाच मला कळलं की हा ‘च्च’ सदाशिव पेठेबाहेर चालत नाही. तिथे त्याचा अर्थ ‘काय जागा घेतलीत!’ असा होतो. इथे त्याचा अर्थ ‘अरेरे, किती वाईट वाजवताय’ असा झाला. चेलोवाल्याने खरंच एकदा स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. पंख्याच्या बाई माझ्याकडे वळून हलकेच म्हणाल्या, ‘खुर्ची टोचतेय का?’

चौथा भाग द्रुत. आता मी शहाणा झालो होतो. चार भाग म्हणजे चार. हा संपला की संपलंच. पहिल्या टाळीचा मान आपण घ्यायचा आणि मघाचा हिशेब चुकता करायचा. धून चालली होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. शेवटी एक लांब विसावा आला. गज थांबले, चेहरे स्थिर झाले. मी दोन पूर्ण श्वास मोजले आणि टाळी दिली.

चौघांनी गज उचलले आणि तीच धून पुन्हा, अगदी दबक्या आवाजात, सुरुवातीची एवढीशी ओळ वाजवून थांबले. आता मात्र खरंच संपलं होतं. सगळं कपेल हसलं. वादकही हसले. बाईंनी पंखा तोंडावर धरला आणि नंतर मला समजावून सांगितलं की या रचनेचं टोपणनावच ‘विनोद’ आहे. लोकांना संपलंय असं वाटावं आणि त्यांनी फसावं म्हणून हायडनने शेवट मुद्दाम तसा रचला आहे. ‘आम्हा सगळ्यांना ते पाठ झालंय, त्यामुळे हल्ली कुणी फसतच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आज बिचाऱ्याला किती बरं वाटलं असेल!’ सव्वादोनशेहून अधिक वर्षं हा मनुष्य व्हिएन्नाहून माझी वाट बघत बसला होता.

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. दोन भागांच्या मधे टाळी नाही हा नियम हायडनच्या काळी नव्हताच, तो पुढे कधीतरी आला. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं आहे. आपल्या सिम्फनीचा पहिला भाग चालू असताना ऐन मध्येच लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून स्वारी त्यात खूश आहे. लोकांना कुठली जागा भावणार हे त्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून ती त्याने शेवटाकडे पुन्हा घातली होती. त्या आनंदात त्याने नंतर आईस्क्रीमही खाल्लं. म्हणजे मी अडाण्यासारखा वागलोच नव्हतो, मी पॅरिसच्या जुन्या शिस्तीने वागलो होतो. हे मी बायकोला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, ‘मोझार्ट शेजारी बसला होता का? नाही ना? मग झोप.’

मडगावला जाताना मी पक्कं ठरवलं होतं: दुसऱ्याने वाजवल्याशिवाय आपण वाजवायचं नाही.

आमचे घरमालक साष्टीचे. आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेले तारवटी. जगातली बंदरं पाहून आलेला हा माणूस तियात्राला निघाला की लग्नाला निघाल्यासारखी इस्त्री करतो. मला ते ‘पात्रांव’ म्हणतात, म्हणजे मालक. भाडं मी देतो, मालक मीच. वाटेत त्यांनी तियात्राची कुळकथा सांगितली. पहिला तियात्र गोव्यात नाही, मुंबईत झाला. लुकाझिन रिबेरोने १८९२ साली ईस्टरच्या दिवशी, १७ एप्रिलला, ‘इटालियन भुरगो’ लावला. मुंबईला आलेल्या इटालियन ऑपेराच्या मंडळींचं बघून त्याने हे कोकणीत उभं केलं. त्याच्यामागून आलेले जुआंव आगुस्तीन फेर्नांडिस म्हणजे ‘पाय तियात्रिस्त’, तियात्रिस्तांचे बाप. मडगावच्या रवींद्र भवनातल्या सभागृहाला त्यांचंच नाव आहे. त्यांची बायको रेजिना १९०४ साली रंगभूमीवर उभी राहिली, हे घरमालकांनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मला गाडी हळू करायला लावली. मी मनातल्या मनात हिशेब केला. आमच्या मराठी रंगभूमीवर नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शालू नेसून शकुंतला व्हायला निघाले ते त्यानंतर. मी विषय बदलून माशांच्या भावावर आणला.

तिसरी घंटा झाली आणि बँडने जो घाव घातला त्याने माझा चष्मा हलला. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम. तियात्राचे पडदे सहा-सात. पडदा म्हणजे अंक म्हणा किंवा प्रवेश म्हणा. दोन पडद्यांच्या मधे गाणी, त्यांना कांतारां म्हणतात. गंमत अशी की यातल्या बहुतेकांचा गोष्टीशी काडीचा संबंध नसतो. आत म्हातारी आई मरणपंथाला लागलेली असते, आखातातला मुलगा येत नसतो, सून घर विकायला निघालेली असते. पडदा पडतो, आणि पडद्यापुढे सूट घातलेला एक तरुण येऊन सरकारवर गाणं म्हणतो. त्या दिवशीचा विषय पाणी होता. गावातल्या नळाला पाणी नाही, टेकडीवरच्या बंगल्यांच्या तलावांना आहे. नाव कुणाचं घेतलं नाही, पण बोट कुठल्या दिशेला होतं ते सगळ्या सभागृहाला कळलं. शेवटच्या कडव्यात त्याने असा टोला हाणला की मागच्या रांगांत शिट्ट्या फुटल्या, समोरचे एक आजोबा उभे राहिले. ड्रमवाल्याने टोल्यावर टोला दिला. गाणाऱ्याने तेच कडवं पुन्हा म्हटलं आणि या वेळी बोट आणखी थोडं वर नेलं.

मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. एकतर मोंतचा चटका ताजा. दुसरं म्हणजे माझं कोकणी असं की वाक्य आधी मराठीत आणायचं, मग हसायचं. तोवर पुढचा विनोद येऊन गेलेला असायचा. माझ्या हशाला एक गाणं उशीर होत होता. बायकोला ही अडचण नाही. ती कोकणी नुस्तेकान्नीकडे, म्हणजे मासेवालीकडे, शिकली आहे, त्यामुळे तियात्रातल्या शिव्यासुद्धा तिला भाषांतराशिवाय कळतात. ती टिपं गाळत हसत होती.

घरमालकांनी मला कोपराने ढोसलं. ‘तूं हांसना कित्याक?’ मी ओशाळून म्हटलं, ऐकतोय. ते गरजले, ‘रे पात्रांव, हें मीस न्हय, तियात्र!’ चर्चमधली प्रार्थनासभा नव्हे बाबा, तियात्र आहे. हेच वाक्य नेमकं उलटं करून सहा दिवसांपूर्वी मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. वन्समोअर हा आमच्या घरातला शब्द. आजोबा सांगायचे, संगीत नाटकात एकेका पदाला इतके वन्समोअर पडत की नाटक सुटेपर्यंत दूधवाले फिरायला लागलेले असत. किर्लोस्करांचं शाकुंतल पुण्यात झालं १८८० साली. आमचं संगीत नाटक आणि यांचा तियात्र यांच्यात जेमतेम बारा वर्षांचं अंतर. त्या वन्समोअरवाल्यांचे आम्ही वारस, आणि आता कार्यक्रमाला जाताना शिस्त घालून जातो, इस्त्री करून. ‘च्च’ हा बहुधा वन्समोअरचाच सेवानिवृत्त अवतार असावा.

मग मी पेटून उठलो. आता पुढचं जे काही येईल त्याला दाद द्यायची, कळो न कळो. पडदा पडला. कोट घातलेले एक गृहस्थ माइकपाशी आले, त्यांनी कोकणीत दोन ओळी झरझर म्हटल्या. लयही बरी होती. मी कडाडून टाळी दिली. शिट्टी वाजवायचाही प्रयत्न केला, पण नुसती हवा गेली. घरमालक माझ्याकडे पाहत राहिले. गृहस्थांनी एक गाडी फाटकासमोर आडवी लागली आहे ती काढा, एवढंच सांगितलं होतं. गाडी माझीच होती.

मी परत आलो तोवर म्हातारी गेलेली होती.

तिसऱ्या कार्यक्रमाला मी कसलाही निश्चय न करता गेलो. निश्चय संपले होते. कॅशियरचं गाव पेडणे तालुक्यात. कार्तिकापासून या बाजूला आणि पलीकडे सिंधुदुर्गात देवळांच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की रात्री दशावतार. पेट्रोमॅक्सच्या जागी एलईडी आले, पण वेळ तीच. ‘कितीला सुरू होतं?’ असं मी विचारलं तेव्हा कॅशियर म्हणाला, ‘जेवून या सर.’ आम्ही नऊला पोचलो. बायकोने खाजं घेतलं, बांगड्या घेतल्या, रस-ऑम्लेट खाल्लं, पुन्हा खाजं घेतलं. साडेअकरा वाजले.

मधे कॅशियरने मला देवळामागच्या पडवीत नेलं. तिथे नट रंगत होते. प्रत्येकाचा आरसा वेगळा, तळहाताएवढा. एक साठीचे गृहस्थ मांडी घालून बसले होते. नाकावर चष्मा, हनुवटीखाली मोबाइलचा उजेड, आणि चष्म्याच्या काचेखालून काडी घालून ते पापणीची रेघ ओढत होते. एक डोळा पुराणातला झाला होता. दुसरा अजून वाचायच्या चष्म्यातला होता. तो न हलवता त्यांनी विचारलं, ‘साहेब ब्यांकेतले? गाडीसाठी कर्ज कितीवर देता?’ मी व्याजदर सांगितला. त्यांनी मान हलवली नाही, पण कुठेतरी नोंदवून घेतला. तो कुठे, ते तासाभरात कळलं.

आधी गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, सरस्वती आली. मग भटजी. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच अरण्यातला खडक. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. मग काळ्या वेषात शंकासुर आला. वेद चोरणारा दैत्य. बाकी सगळे देव ग्रांथिक मराठी बोलतात, हा एकटा गाववाल्यांची बोली बोलतो, म्हणून सगळं गाव त्याच्या बाजूचं. त्याने बाकड्यावर पाय ठेवला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, ‘वेद चोरलंय खरे, पण ठेवू खंय? ब्यांकेत घेवन गेलंय, तर सायेब म्हणता, आदी आधार कार्ड हाड!’

गाव हसलं. हसून झाल्यावर गाव वळलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा हसलं. शंकासुराने त्यानंतर वेदांच्या तारणावर कर्ज मागितलं, मघाशी पडवीत सांगितलेला व्याजदर दशांशासकट सुनावला, आणि त्यापेक्षा विष्णूच्या हातून मेलेलं स्वस्त पडेल असं जाहीर केलं. यांच्याकडे लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण कोणाच्या मागून येणार ते ठरतं. बाकी ज्याच्या त्याच्या तोंडी. या एका जागेला मी टाळी द्यायला हवी होती, आणि इथेच मला ती देता आली नाही. स्वतःच्या फजितीला माणसाने टाळी कशी द्यावी, हे सवाईत शिकवलेलं नाही.

मुख्य आख्यान सुरू झालं तेव्हा दीड वाजला होता. समोर अर्धी मुलं झोपली होती. काही मोठी माणसंही रीतसर आडवी झालेली, चादर घेऊन, उशाला चपला. कॅशियरच्या आईने एक चटई माझ्याकडे सरकवली. मी संकोचलो. कलावंतापुढे झोपायचं? ‘झोपा सर,’ कॅशियर म्हणाला, ‘युद्ध लागलं की उठवतो.’ मला एकदम वडिलांची मांडी आठवली. सवाईत आम्ही झोपायचो त्याला चिंतन म्हणत असू, एवढाच फरक.

पहाटे कुणीतरी मला गदागदा हलवलं. दोन राजे बाकड्याभोवती रिंगण धरून लढत होते, मृदंग तापला होता. आजूबाजूला सगळीकडे हेच चाललं होतं: आई मुलाला, नातू आजीला, बायको नवऱ्याला हलवून उठवत होती. टाळी एकाचीही नाही. जागा आली की शेजारच्याला उठवायचं, हीच तिथली दाद. माझ्या बायकोला मात्र उठवावं लागलं नाही. ती रात्रभर टक्क जागी होती आणि रानात टाकून दिलेल्या राणीसाठी रडत होती. तासाभराने, दहीकाला झाल्यावर, ती राणी गंजीफ्रॉकवर आली, मुकुट पेटाऱ्यात गेले, आणि राणीने चहाच्या टपरीवर माझ्या बायकोला विचारलं, ‘बाई, खाजं चांगलं मिळालं ना?’ दशावतारी नटांबद्दल या भागात म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. आता बोजा टेम्पोत असतो. शंकासुर पुढच्या सीटवर बसला होता. त्याने मला हात केला आणि म्हणाला, ‘ब्यांकेत येतो साहेब.’

आणि तो खरंच आला. आधार कार्ड घेऊन. कर्जाचा अर्ज पुढे गेला आहे.

येत्या शनिवारी त्याच तालुक्यात आणखी एका देवळाची जत्रा आहे. आख्यान कुठलं ते अजून ठरलेलं नाही. पुण्याहून कुणाला यायचं असेल तर अवश्य या, जेवून या, आणि गाडी फाटकासमोर लावू नका. चटई मात्र आपापली आणा. कॅशियरच्या आईकडे एकच जादा आहे, आणि ती मी सांगून ठेवली आहे.